वसंताची दोन पंचांगे : सेल्बोर्न, दख्खन आणि मराठी निसर्गगद्य

मराठीतील निसर्गविषयक ललितगद्याचा विचार करताना एक गृहीतक सहसा तपासले जात नाही. संस्कृत काव्याने ऋतुवर्णनाचा ठरीव साचा मराठीला दिला आणि प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहण्याची सवय मात्र इंग्रजी वाङ्मयाच्या परिचयातून आली, असे ते गृहीतक होय. संकेत संस्कृतचा आणि निरीक्षण इंग्रजीचे, अशी ही वाटणी आहे. वसंताच्या बाबतीत ती विशेष सोयीची वाटते, कारण कोकिळ, आम्रमंजरी आणि मलयानिल ही त्रयी कोणालाही चटकन आठवते. प्रस्तुत लेखात ही वाटणी वसंताच्याच उदाहरणावर तपासून पाहावयाची आहे. त्यासाठी दोन ग्रंथ मुख्यतः समोर ठेवले आहेत : गिल्बर्ट व्हाइट (१७२०–१७९३) या धर्मोपदेशकाचा सेल्बोर्न गावाच्या निसर्गेतिहासावरील पत्ररूप ग्रंथ (१७८९) आणि दुर्गा भागवत (१९१०–२००२) यांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६). एकाचा दुसऱ्यावर प्रभाव पडला की नाही, हा प्रश्न येथे गौण आहे. वसंतातील रानाचा आनंद म्हणजे नेमका कशाचा आनंद, हे दोन्हीकडे कसे ठरते, एवढेच पाहावयाचे आहे.

इंग्लंडच्या हॅम्पशर परगण्यातील सेल्बोर्न येथे व्हाइटचा वसंत सुरू होतो तो पाहुण्यांच्या आगमनाने. एप्रिलमध्ये पाकोळ्या येतात, मग घरांच्या वळचणीला घरटी करणारे त्यांचे भाऊबंद येतात, कक्कू ऐकू येतो. दिसावयास जवळजवळ सारखे असणारे तीन लहान पर्णवटवटे व्हाइटने त्यांच्या गाण्यावरून वेगवेगळे ओळखले, ही गोष्ट पक्षिशास्त्राच्या इतिहासात नोंदली गेली आहे. त्याच्या बागेतील टिमथी नावाचे कासव हिवाळाभर मातीत गाडून घेई आणि ऊब येताच वर येई. त्याच्या जागे होण्याच्या तारखा व्हाइट एखाद्या आप्ताच्या प्रकृतीसारख्या टिपतो. (हा टिमथी मादी होता, हे पुढे त्याच्या कवचावरून कळले.) येथे आनंदाचे स्वरूप प्रतीक्षेचे आहे. कोणीतरी यावयाचे आहे, ते गेल्या वर्षी अमुक तारखेला आले होते, यंदा केव्हा येतील, या हिशेबातून वाक्याला ताण मिळतो. नॉरफकमधील रॉबर्ट मार्शम याने १७३६ पासून वसंताच्या सत्तावीस खुणांची अशीच नोंदवही ठेवली आणि त्याच्या घराण्याने ती १९५८ पर्यंत चालविली. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत व्हाइटचा या मार्शमशी पत्रव्यवहार होता. व्हाइटच्या ग्रंथातील पत्रेदेखील अशा नोंदींच्या आधाराने उभी राहतात. वाङ्मयप्रकार आणि ऋतू यांचा येथे आतून संबंध आहे : आगमनाच्या ऋतूला तारीख लागते, आणि तारीख टाकणारा प्रकार म्हणजे पत्र.

व्हाइटला एक प्रश्न मात्र शेवटपर्यंत सुटला नाही. या पाकोळ्या हिवाळ्यात जातात कोठे? त्याचा भाऊ जिब्राल्टरला होता आणि तेथून समुद्र ओलांडणाऱ्या पक्ष्यांची हकीकत त्याला मिळत होती. तरीही काही पाकोळ्या गावाच्या आसपासच कोठेतरी बिळांत, कपारींत झोपून राहत असाव्यात, ही शंका त्याने सोडली नाही. ही शंका तुच्छतेने पाहण्यासारखी नाही. ज्याचा वसंत आगमनावर उभा आहे, त्याला त्या आगमनाची दुसरी बाजू, म्हणजे अन्य कोणत्या तरी भूमीवरून होणारे प्रस्थान, कल्पनेत आणणे अवघड जावे, हे स्वाभाविक आहे.

दख्खनच्या पठारावरचा वसंत हा नेमका त्या दुसऱ्या बाजूचा वसंत आहे. हिवाळी पाहुणे येथून फाल्गुन-चैत्रात निघून जातात. माळावरच्या तारांवर ओळीने बसणाऱ्या माळभिंगऱ्या विरळ होतात, पाणथळीवरचे धोबी नाहीसे होतात. हिवाळाभर ज्वारीच्या शेतांवर उतरणारे भोरड्यांचे थवे जाण्यापूर्वी फुललेल्या पळसावर आणि सावरीवर गर्दी करतात. त्यांचे ‘पळसमैना’ हे नाव याच दिवसांची साक्ष देते. इकडे झाडांचीही रीत निराळी. सेल्बोर्नमध्ये पानगळ आणि पालवी यांच्यामध्ये एक लांब, मृतवत हिवाळा पसरलेला असतो. येथे पिंपळ जुनी पाने टाकतो न टाकतो तोच तांबूस पालवी धरतो. कुसुमाची नवी पाने फुलांहून लाल असतात. पळस, पांगारा आणि काटेसावर निष्पर्ण अवस्थेतच फुलतात. गवत तर वाळून गेलेले असते आणि नाल्यांत डबकी तेवढी उरतात. एकाच रानात एकाच पंधरवड्यात मरण आणि जन्म शेजारी नांदतात. असा वसंत थंडीनंतरची सुटका ठरू शकत नाही. तो वाढत्या उन्हाच्या पोटात असतो.

भाषेनेही हे ओळखलेले आहे. शेतकऱ्याच्या बोलण्यात ऋतू तीनच : पावसाळा, हिवाळा, उन्हाळा. ‘वसंत’ हा शब्द मराठीत मुख्यतः पोथीचा, पंचांगाचा, रागाचा आणि माणसाच्या नावाचा. ज्या अनुभवाबद्दल आपण बोलतो आहोत त्याला बोलीने ‘चैत्रपालवी’ म्हटले, ‘मोहोर’ म्हटले. ऋतूचे स्वतंत्र नाव दिले नाही. या संदर्भात तमिळ परंपरेतील ‘इळवेनिल’ ही संज्ञा उद्बोधक आहे. तिचा अर्थ कोवळे ऊन, बाल उष्मा. आणि तिच्या पुढचा ऋतू ‘मुदुवेनिल’, म्हणजे पक्व झालेला उष्मा. दक्षिणेकडील वसंताचे याहून अचूक नामकरण मला आढळले नाही. आपल्या विद्यापीठांत तौलनिक अभ्यासाची दिशा बहुधा मराठी ते इंग्रजी अशी धरली जाते. ऋतुसंज्ञांच्या बाबतीत तरी ती प्रथम मराठी ते तमिळ अशी धरली तर अधिक हाती लागेल. उत्तर भारतातील वाचकासाठी आणखी एक खुलासा आवश्यक आहे. तेथील पौर्णिमान्त गणनेत चैत्र मराठी चैत्राच्या पंधरा दिवस आधी लागतो. अनुवादात ‘चैत्र’ तसाच ठेवला तरी झाडावरची पाने बदललेली असतात.

आता संकेताकडे वळू. राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’त कविसमयांची जी चर्चा आहे, ती नीट वाचली तर संकेत म्हणजे अज्ञान ही समजूत टिकत नाही. कोकिळाचे कूजन ग्रीष्मादी ऋतूंतही संभवते, तरी ते वसंतातच वर्णावे, असे तो सांगतो. एखादी वस्तू प्रत्यक्षात असूनही वर्णू नये, अशा गटात तो वसंतातील मालती घालतो. म्हणजे वस्तुस्थिती काय आहे हे नोंदवून, मग काव्याने तिच्यातून काय निवडले, हे तो स्पष्ट करतो. पाहणे आधी, निवड नंतर. कालिदासाचे उदाहरण याहून बोलके आहे. ‘कुमारसंभवा’च्या तिसऱ्या सर्गात अकाली अवतरलेल्या वसंतात गातो तो ‘पुंस्कोकिल’, नर कोकिळ. वस्तुस्थितीही तीच आहे. चढत जाणारी ती साद काळ्याभोर नराची असते; तपकिरी, ठिपक्याठिपक्यांच्या मादीचा आवाज तुटक आणि कर्कश असतो. उलट ‘शाकुंतला’च्या पाचव्या अंकात दुष्यंत स्त्रियांच्या उपजत चातुर्याचा टोमणा मारतो तेव्हा दाखला देतो तो आपली पिले दुसऱ्या पक्ष्यांकडून वाढवून घेणाऱ्या कोकिळ-माद्यांचा. गाणारा नर आणि फसविणारी मादी हा भेद संस्कृत कवीने पाळला. मराठीत मात्र ‘कोकिळा गाते’ हा प्रयोग रूढ झाला आणि गाणाऱ्या स्त्रीला कोकिळेची उपमा देणे हा शिष्टाचार बनला. निरीक्षणाचा हा ऱ्हास आधुनिक काळातील आहे. त्याचे खापर संस्कृत परंपरेवर फोडता येणार नाही. महाराष्ट्री प्राकृतातील ‘गाथासप्तशती’त तर गोदेचा काठ, मोहाची झाडे आणि फाल्गुनोत्सवातील चिखलफेक यांतून एक वेगळाच ग्रामीण वसंत दिसतो. मराठी समीक्षेने या वारशाची दखल शृंगाराच्या अंगाने पुष्कळ घेतली. निसर्गाच्या अंगाने ती अजून फारशी घेतलेली नाही.

या पार्श्वभूमीवर ‘ऋतुचक्र’ वाचले म्हणजे त्याची रचना अर्थपूर्ण वाटू लागते. भागवतांनी एकक म्हणून ऋतू घेतला नाही, महिना घेतला. ‘वसंतहृदय चैत्र’, मग ‘चैत्रसखा वैशाख’. वसंत हे विशेषणाच्या जागी गेले आणि चैत्र कर्ता झाला. हा बदल किरकोळ नाही. सहा ऋतूंच्या चौकटीत जे बसत नाही ते बारा महिन्यांच्या चौकटीत बसते, कारण महिना हा सणाचा, बाजारभावाचा आणि अंगणातल्या झाडाचाही असतो. त्यांच्या चैत्रात पिंपळाच्या पालवीला जसे स्थान आहे तसे फणसाला, नारळाच्या फुलोऱ्याला, पक्ष्यांच्या घरट्यांना आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यात घाणेरी आहे. अमेरिकेतून आलेले, कोणत्याही महाकाव्यात नसलेले, नावातच अपमान वागविणारे हे झुडूप भागवत सौंदर्याच्या पंक्तीला बसवितात. राजशेखराने ज्याला ‘असूनही न वर्णिलेले’ म्हटले असते, त्याचे हे वर्णन आहे. संकेताची ओळख पटलेली असल्याशिवाय असा संकेतभंग साधत नाही. केवळ इंग्रजी निबंधाच्या अनुकरणातूनही तो निघाला नसता.

मात्र व्हाइटच्या शेजारी ठेवताच भागवतांच्या गद्याची एक मर्यादाही दिसते. व्हाइटच्या प्रत्येक नोंदीला तारीख आहे. ती पुढल्या वर्षी खोटी ठरू शकते आणि म्हणूनच तिच्यात चुरस आहे. भागवतांचा चैत्र हा दरवर्षीचा चैत्र आहे. तो चुकत नाही, उशिरा येत नाही. शीर्षकांतील ‘हृदय’, ‘सखा’ अशी रूपकेही त्याला काळाबाहेर नेतात. ही त्यांनी मोजलेली किंमत आहे. चक्राची कल्पना स्वीकारली की एका विवक्षित वर्षाचा मोह सोडावा लागतो. आज, पळस आणि आंबा यांच्या फुलण्याच्या वेळा बदलत असल्याची चर्चा सर्वत्र चालू असताना, मार्शमच्या रूक्ष यादीचा उपयोग हवामानाच्या अभ्यासकाला होतो, ‘ऋतुचक्रा’चा होत नाही. साहित्यकृतीच्या मूल्यमापनात हा निकष आणू नये असे कोणी म्हणेल. निसर्गगद्याच्या बाबतीत तो पूर्णपणे टाळता येतो असे मला वाटत नाही.

मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांच्या लेखनात ही उणीव निराळ्या मार्गाने भरून निघते. वनखात्यातील नोकरीमुळे त्यांच्या पाहण्याला विवक्षित स्थळ मिळाले, नवेगावबांध मिळाले. ‘पक्षी जाय दिगंतरा’ (१९८३) हे शीर्षक जनाबाईंच्या अभंगातले आहे. पण स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या संदर्भात ते वाचताना दख्खनी वसंताच्या प्रस्थानाला जणू देशी नाव मिळाल्यासारखे वाटते. अभंगातला पक्षी पिलांसाठी चारा घेऊन परततो, हा फरक विसरावयाचा नाही. कावळ्यांच्या आणि बगळ्यांच्या वसतिस्थानांसाठी ‘काकागार’, ‘सारंगागार’ असे शब्द चितमपल्लींनी मराठीत आणले. इंग्रजी शास्त्राने दाखविलेली वस्तू संस्कृत घडणीच्या शब्दात बांधण्याचा हा प्रकार आरंभीच्या वाटणीला सरळ छेद देतो.

एक प्रश्न या साऱ्या लेखनाच्या कडेला उभा राहतो. मध्य भारतातील रानांत याच दिवसांत पहाटे मोहाची फुले वेचली जातात आणि वेचणे सोपे व्हावे म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळला जातो; त्यातून वणवे लागतात. ज्याला पळस फुललेला पाहावयाचा आहे आणि ज्याला मोह वेचावयाचा आहे, त्यांचा चैत्र एकच, रानही एकच. सेल्बोर्नच्या उपदेशकासमोर हा पेच अगदीच नव्हता असे नाही. गावातील गरिबांच्या लाकूडफाट्याची आणि मेणबत्तीऐवजी जाळावयाच्या लव्हाळ्याच्या वातींची हकीकत त्याने आस्थेने दिली आहे. मराठी निसर्गगद्यात वेचणारी माणसे येतात ती बहुधा वाटाड्या म्हणून.

उरला अनुवादाचा प्रश्न. वर्ड्‌स्वर्थची कक्कूवरील कविता (रचना १८०२) शिकविताना त्या पक्ष्याला मराठीत ‘कोकिळ’ म्हटले जाते आणि संस्कृतातल्या कोकिळाला इंग्रजीत ‘कक्कू’. कूळ एक, परक्या घरट्यात अंडी घालण्याची रीतही एक. तेवढ्यावर हे समीकरण उभे आहे. पण कक्कू आफ्रिकेतून येतो, केसाळ अळ्या खातो आणि त्याची साद दोन उतरत्या स्वरांची असते. कोकिळ आपल्याकडे बारमाही, फळे खाणारा आणि हिवाळाभर केवळ मुका. इंग्रजी वाचकाला कक्कूच्या आवाजात फसविल्या गेलेल्या नवऱ्याची थट्टा ऐकू येते. कोकिळाच्या आवाजात आपल्याला विरह ऐकू येतो, आणि फसवणुकीचा आरोप त्याच्या मादीवर वेगळा ठेवलेला असतो. एक परततो म्हणून त्याचे स्वागत होते. दुसरा तेथेच होता, फक्त बोलू लागला. अनुवादकाने कोणता शब्द निवडावा, यापेक्षा त्याने कोणत्या वसंतात उभे राहून तो निवडला हे वाचकाला कळावे, अशी अपेक्षा करता येईल. आजवरच्या पाठ्यपुस्तकांतील टिपांतून ते कळत नाही.