निवाडपत्रांची मोजदाद व दप्तररक्षकाचें शिक्षण

डॉ. वि. त्र्यं. गुणे यांचा मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील इंग्रजी ग्रंथ 1953 सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजनें प्रसिद्ध केला. इ. स. 1600 ते 1818 या काळांतील न्यायसंस्थांचें विवेचन त्यांनीं स्मृतिग्रंथांच्या आधारें न करतां प्रत्यक्ष महजर व निवाडपत्रें यांवरून केलें, हा त्याचा मोठा गुण. शास्त्रांत काय सांगितलें आहे यापेक्षां गोतसभेंत काय घडलें हें पाहण्याची ही रीत हल्लीं परदेशांत बरीच वाढली असून, अमेरिकेंतील कांहीं कायदा-ग्रंथालयांचे ग्रंथपाल खटल्यांच्या मोजणीच्या कामीं अभ्यासकांस साह्य करतात. आमच्याकडे कागदांचा तोटा नाहीं. अशा तयार माणसाचा आहे.

डॉ. गुणे यांनीं विचारला तो प्रश्न पद्धतीचा. त्याला प्रत्येक प्रकारचे थोडे स्वच्छ कागद पुरतात. आजचा अभ्यासक निवाडे किती होत व कोणाच्या बाजूनें होत असें विचारतो, आणि तेथेंच फसतो. निवाडपत्र जिंकणारास मिळे; हरलेल्यानें लिहून दिलेलें यजितखतही जिंकणाराच्याच घरीं जाई. हरलेल्याच्या पेटींत जपून ठेवण्यासारखें फारसें कांहीं उरत नसे. म्हणजे घराण्यांचीं दप्तरें हीं बहुतांशीं विजयी पक्षाचीं दप्तरें होत. तीं मोजून ‘वतनदाराचा दावा सहसा मान्य होई’ असा सिद्धांत कोणीं बांधला, तर त्यावरून न्यायाधीशाचा कल कळणार नाहीं. कागद कोणाच्या माळ्यावर टिकले एवढेंच कळेल.

यावर तोड आहे. सरकार जिंकणाराकडून हरकी व हरणाराकडून गुन्हेगारी घेई, आणि या रकमा हिशेबांत जमा होत. घरोघरचीं निवाडपत्रें त्या जमेशीं ताडून पाहिलीं म्हणजे किती गहाळ झालीं याचा कांहीं अंदाज येतो. मात्र त्यासाठीं हिशेब अखंड हवेत. गणेश चिमणाजी वाड यांचे रोजनिशींतील उतारे, किंवा सरदेसायांनीं 1930 पासून संपादिलेले पेशवे दप्तराचे 45 भाग, हे निवडलेले कागद होत. निवडणाराची दृष्टि विशेष कागदावर जाते; दिव्याचा एक कागद छापला जातो, साधे राजीनामे रुमालांतच राहतात. असे संग्रह दाखल्यांस उत्तम, मोजणीस निरुपयोगी.

आमच्या गुहागराकडचें पाहा. खोताचें कूळ अर्धेल देत होतें कीं तिर्धेल, धारेकरी किती होते, हे 1880 च्या खोती कायद्याच्याही आधींपासूनचे वाद. त्यांचें उत्तर एखाद्या सनदेंत नाहीं. एकसारख्या दिसणाऱ्या कबुलायतींत व पावत्यांत आहे. 1949 च्या खोती-निर्मूलन कायद्यानंतर त्या कागदांचें घरच्यांस प्रयोजन उरलें नाहीं. खारी हवा व वाळवी आहेतच. संग्राहक येतो तो शिक्क्याची सनद उचलतो व कबुलायतींचा गठ्ठा जागच्या जागीं ठेवतो. मींही एकदां असेंच केलें. पुढल्या खेपेस तो गठ्ठा न्हाणीच्या चुलींत गेल्याचें ऐकिलें.

मोडी वर्गांत अक्षर लावण्यास शिकवितात, तें अवश्यच. परंतु दप्तररक्षकास सुहूर, शक व इसवी सनांचा मेळ, तक्रीर, पुरसीस, यजितखत यांचा न्यायांतील क्रम, आणि त्यापुढें मोजणीचें शास्त्र, इतकें यावयास हवें. ‘खोतीचे किरकोळ कागद, रुमाल 3’ ही नोंद नव्हे. गांव, वादी, प्रतिवादी, वादाचा विषय व निकाल यांबरोबर कागद कोणाच्या घरीं व कोणत्या कागदांसोबत सांपडला, आणि त्या गठ्ठ्यांतील किती कागद नोंदले व किती सोडले, हेंही लिहावें. हा शेवटचा रकाना मीं पाहिलेल्या याद्यांत क्वचितच आढळला. अभ्यासकास मात्र प्रथम तोच लागतो.

डॉ. गुणे हे पुढें गोव्याच्या दप्तरखान्याचे प्रमुख होते. संशोधक व दप्तररक्षक एकाच माणसांत असूं शकतात. आमच्या तालुक्यांत काम आरंभणारानें कुळांच्या घरच्या पावत्या आधीं पाहाव्या. त्या थोड्या आहेत व लवकर नाहींशा होतील. खोतांच्या वाड्यांतील गठ्ठे त्यानंतर उघडले तरी चालेल.