शोधकाविना रहस्यकथा

जहांगीर बादशहाचा ज्येष्ठ पुत्र खुस्रो हा इ. स. १६२२ मध्ये, धाकटा भाऊ खुर्रम याच्या नजरकैदेत असताना, बुऱ्हाणपुरात मरण पावला आणि पोटशूळाने त्याचा अंत झाला अशी खबर बादशहाकडे रवाना झाली. हाच खुर्रम पुढे शाहजहान म्हणून तख्तावर बसला. खुस्रोच्या मृत्यूनंतर पंचेचाळीस वर्षांनी, पुरंदरच्या तहामुळे मराठी वाचकाला ज्याची ओळख करून देण्याची गरज नाही तो मिर्झाराजा जयसिंह दख्खनच्या सुभ्यावरून परत बोलावला गेला असता याच शहरात निधन पावला, आणि औरंगजेबाच्या इशाऱ्यावरून त्याला विष देण्यात आले असे इटालियन प्रवासी मनुचीने लिहून ठेवले. संशय खरा की खोटा याचा निर्णय इतिहासकार करोत. रहस्यकथेच्या अभ्यासकाने या दोन प्रकरणांतून घ्यावयाचा बोध निराळा आहे. संशयित, हेतू, संधी आणि मृत्यूपासून होणारा लाभ ही खुनाच्या कथेची सारी सामग्री येथे हजर आहे. परंतु ज्याच्यावर संशय घ्यावा तोच हाकीम किंवा हाकिमाचा वारस असल्यामुळे, त्याला समोर बसवून प्रश्न विचारील असा माणूस त्या राज्यव्यवस्थेत संभवतच नव्हता.

रहस्यकथा या कलाप्रकाराचा उदय त्या प्रश्न विचारणाऱ्या माणसाच्या उदयाशी निगडित आहे. एडगर ॲलन पो याने १८४१ मध्ये पॅरिसच्या पार्श्वभूमीवर आपला द्युपाँ उभा केला, आणि कॉनन डॉइलचा शेरलॉक होम्स १८८७ मध्ये लंडनमध्ये अवतरला. या दोघांपाशी ना फौजेचे बळ होते ना सरकारी हुद्दा. मृत्यूचा जाब पुराव्यानिशी मागता येतो ही श्रद्धा आणि तो मागण्यास पुरेशी पडणारी बुद्धी एवढीच त्यांची सनद होती. जो पुरावा शोधकाच्या दृष्टीस पडतो तोच वाचकाच्याही दृष्टीस पडावा, आणि अखेरीस उलगडा झाल्यावर वाचकाने मागे वळून पाहिले असता प्रत्येक खूण आपल्या जागी उभी असलेली त्याला आढळावी, हा या कथेचा न्यायधर्म होय. गेल्या दहा-बारा वर्षांतील मराठी खूनपट, रहस्यनाटके आणि कथा यांचा आढावा या कसोटीवर घेतला, तर धक्का देण्याचे कसब आपल्याकडे फार वाढले आहे आणि शोध घेण्याची वृत्ती मात्र क्षीण झाली आहे, असा निष्कर्ष मोठ्या खेदाने काढावा लागतो.

या क्षीणतेची मुळे जुनी आहेत. इंग्रज लेखक रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांचा आधार घेऊन गो. ना. दातारांनी ‘कालिकामूर्ती’, ‘इंद्रभुवनगुहा’ यांसारख्या अद्‌भुतरम्य कादंबऱ्या लिहिल्या, तेव्हा मराठी वाचकाला भुयारे, वेषांतरे आणि गुप्त कारस्थाने यांची गोडी लागली. अनुमानाची गोडी लागण्यास मात्र त्यांत वाव थोडा होता. पुढे बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहून वाचनाचे जे व्यसन महाराष्ट्राला जडवले, त्याचे ऋण कोणत्याही प्रामाणिक समीक्षकाने मान्यच केले पाहिजे, कारण कित्येकांच्या बाबतीत अक्षरओळखीचे रूपांतर वाचनात झाले ते त्यांच्या पुस्तकांमुळे. त्यांचा धनंजय हा शोधक खरा. परंतु वाचकांच्या मनावर त्याच्याइतकेच, किंबहुना त्याहूनही अधिक, राज्य केले ते काळापहाड आणि झुंझार यांनी, आणि या दोघांचा मार्ग कायद्याच्या बाहेरून जाणारा होता. दुष्टाला शासन झाले म्हणजे वाचक संतुष्ट होत असे. तो दुष्ट आहे हे सिद्ध कसे झाले, याची विचारपूस तो फारशी करीत नसे. गुरुनाथ नाईक आणि सुहास शिरवळकर यांच्या पिढीने भाषेला वेग दिला, आणि शिरवळकरांच्या फिरोज इराणी, अमर विश्वास, दारा बुलंद यांना महाविद्यालयीन तरुणांचे उदंड प्रेम लाभले. पण भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांची मागणी पुरवताना लेखकाला जी घाई करावी लागे, त्या घाईत पुराव्याची वीण घट्ट राहणे कठीण होते.

चित्रपटाची परंपरा तुलनेने तुरळक असली तरी तिचा आरंभ सकस होता. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरून राजा परांजपे यांनी १९६४ मध्ये काढलेला ‘पाठलाग’ आजही पाहावा असा आहे. आपल्या मृत पत्नीसारखीच हुबेहूब दिसणारी स्त्री आरोपी म्हणून समोर उभी राहिली असता, भावनेने विकल झालेल्या वकिलाला बुद्धीने प्रश्न विचारावे लागतात, आणि सारे रहस्य न्यायालयातील उलटतपासणीच्या आधारे पुढे सरकते, यात त्या चित्रपटाचे सामर्थ्य आहे. त्यावरून १९६६ मध्ये निघालेल्या ‘मेरा साया’ या हिंदी चित्रपटाला जे यश मिळाले त्याचे मर्मही तेच. दूरदर्शनवरील ‘एक शून्य शून्य’ या मालिकेने पोलिसी तपासाचे दैनंदिन, कष्टाळू रूप घराघरांत पोचवले, आणि १९९९ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांच्या ‘बिनधास्त’ने जवळजवळ संपूर्णपणे स्त्रीपात्रांच्या बळावर खुनाचे रहस्य रंगवून दाखवले. ही वाट पुढे राजरस्ता व्हावयास हवी होती.

अलीकडच्या कृतींपैकी निखिल महाजन यांच्या ‘पुणे-५२’ (२०१३) या चित्रपटाचा विचार प्रथम केला पाहिजे, कारण खाजगी गुप्तहेर हाच त्याचा नायक आहे. १९९२ च्या सुमारास, आर्थिक उदारीकरणाच्या उंबरठ्यावरील पुण्यात, परक्यांच्या वैवाहिक बेइमानीचे पुरावे गोळा करून पोट भरणारा अमर आपटे गिरीश कुलकर्णी यांनी कमालीच्या संयमाने साकारला आहे. ते शहर, तो काळ आणि पैशाच्या ओढीने माणसाचे हळूहळू होणारे नैतिक स्खलन यांचे चित्रण मराठी चित्रपटात अपूर्व म्हणावे असे आहे. परंतु शोधकाच्या अधःपाताचे चित्र रेखाटताना दिग्दर्शक त्याच्या शोधावरून आपले लक्ष काढून घेतो, आणि प्रकरणाची उकल प्रेक्षकाच्या बुद्धीला आवाहन करीत नाही. आत्मशोध आणि अपराधशोध हे परस्परांना पूरक होऊ शकले असते. येथे पहिल्याने दुसऱ्याला गिळले.

परेश मोकाशी यांचा ‘वाळवी’ (२०२३) हा याच्या अगदी उलट प्रकृतीचा चित्रपट असून, रचनेच्या काटेकोरपणात त्याची बरोबरी करील असा दुसरा मराठी खूनपट मला आठवत नाही. पत्नीच्या खुनाला आत्महत्येचे रूप देण्याची योजना, ती फसत जाताना उत्पन्न होणारी एकेक नवी आपत्ती, आणि त्यातून निर्माण होणारा भीषण विनोद यांची साखळी मोकाशी आणि मधुगंधा कुलकर्णी यांच्या पटकथेने कोठेही सैल पडू दिलेली नाही. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला तो सर्वथा उचित होय. तथापि हा अपराध्यांच्या बाजूने पाहिलेला खून आहे. गुन्हेगार कोण हे आपल्याला आरंभापासून ठाऊक असते, म्हणून प्रश्न उरतो तो केवळ ते निसटतील की नाही एवढाच. मलयाळममध्ये जीतू जोसेफ यांनी २०१३ मध्ये काढलेल्या आणि निशिकांत कामत यांनी २०१५ मध्ये गोव्याच्या भूमीवर हिंदीत आणलेल्या ‘दृश्यम’मध्येही अपराध लपवणारे कुटुंब आपल्याला माहीत असते, परंतु तेथे त्यांच्यासमोर एक तोलामोलाची पोलीस अधिकारी उभी आहे, आणि ती स्वतः मृत मुलाची आई असल्यामुळे, गेलेल्या जीवाचा जाब विचारणारा आवाज त्या कथेत अखेरपर्यंत घुमत राहतो. ‘वाळवी’त तो आवाज नाही, आणि म्हणून तिचे हास्य कितीही अस्सल असले तरी मृत स्त्रीविषयी आपल्या मनात जागी व्हावयास हवी ती व्याकुळता जागी होत नाही.

शिरवळकरांच्या कादंबरीवरून सतीश राजवाडे यांनी २०२० मध्ये दिग्दर्शित केलेल्या ‘समांतर’ या वेबमालिकेची स्थिती निराळी आहे. आपले आयुष्य आपल्याआधी जगून बसलेल्या माणसाचा माग काढणारा कुमार महाजन हा वस्तुतः शोधकच, आणि त्याच्या भटकंतीत खऱ्या तपासाची उत्कंठा आहे; परंतु त्या मागाच्या टोकाला मानवी कृत्य नसून हस्तरेषांनी आधीच ठरवलेले प्राक्तन आहे. जेथे नियती हीच कर्ती, तेथे जबानी कोणाची घ्यावयाची आणि अपराध कोणावर शाबीत करावयाचा?

लघुकथेच्या प्रांतातही हेच घडले आहे. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी भयकथेला व गूढकथेला जे वाङ्‌मयीन वैभव प्राप्त करून दिले ते निर्विवाद आहे. पण त्यांच्या अनुयायांच्या हाती गूढाने रहस्याची जागा बळकावली. दिवाळी अंकांतील कथा आज बहुधा शेवटच्या परिच्छेदातील कलाटणीवर विसंबून असते, आणि ती कलाटणी सुचवणारी एकही खूण आधीच्या पानांवर पेरलेली नसते. दुसरीकडे भालबा केळकरांनी मराठीत आणलेला होम्स, मधुकर तोरडमलांनी अनुवादलेली अगाथा ख्रिस्ती आणि अशोक जैन यांच्या अनुवादातून आलेला सत्यजित राय यांचा फेलूदा हे आवडीने वाचले जातात. म्हणजे अनुमानाचा आस्वाद घेणारा वाचक आपल्याकडे नाही ही सबब टिकणारी नाही. शरदिंदु बंद्योपाध्याय यांनी व्योमकेश बक्षीला १९३२ मध्ये जन्म दिला आणि बंगाली माणूस अद्याप त्याला घरच्या माणसासारखा मानतो, कारण कलकत्त्याच्या गल्ल्या, भाडेकरूंची निवासस्थाने आणि तेथील मध्यमवर्गाचे लोभ यांचे बारीक ज्ञान व्योमकेशच्या तर्काला आधार देते. समाजाचे असे ज्ञान असल्याखेरीज पुराव्याला अर्थ प्राप्त होत नाही.

आश्वासक चिन्हे दिसतात ती रंगभूमीवर. विजय केंकरे यांनी दिग्दर्शित केलेले ‘अ परफेक्ट मर्डर’ हे फ्रेडरिक नॉट यांच्या प्रसिद्ध नाटकाशी नाते सांगणारे असल्यामुळे त्याच्या घडणीचे श्रेय वाटून द्यावे लागेल. परंतु श्वेता पेंडसे यांचे ‘३८ कृष्ण व्हिला’ मात्र मराठी मातीतले आहे. एका कीर्तिमान लेखकाचे साहित्य मुळात त्याचे नाहीच, असा आरोप घेऊन त्याच्या घरी आलेली स्त्री आणि तो लेखक, एवढ्या दोनच पात्रांच्या सवाल-जवाबांतून सत्याची एकेक घडी उलगडत जाते, आणि प्रतिष्ठेच्या आसनावर बसलेल्या माणसालाही जाब द्यावा लागतो. आचार्य अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’ने १९६२ पासून प्रेक्षकांना साक्षीपुराव्यांचे नाट्य किती उत्कट असू शकते हे दाखवले होते, त्या कुळाशी या नाटकाचे नाते मला स्पष्ट दिसते.

ही चर्चा केवळ मनोरंजनाच्या दर्जाची नाही, हे आम्हां बुऱ्हाणपूरकरांना नुकतेच तीव्रतेने जाणवले. २०२५ च्या आरंभी ‘छावा’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाल्यावर, बुऱ्हाणपूरच्या लुटीचा प्रसंग पडद्यावर पाहून पुरलेल्या सोन्याच्या आशेने लोक रात्री-अपरात्री असीरगडच्या पायथ्याची शेते खणू लागले. पडद्यावरील दृश्य हाच पुरावा मानणाऱ्या समाजाला, पुरावा म्हणजे काय हे रसाळपणे शिकवणाऱ्या कलेची आवश्यकता आहे, आणि ते कार्य चांगल्या रहस्यकथेइतके सहजपणे दुसरा कोणताही वाङ्‌मयप्रकार करू शकत नाही.

सामग्रीची वाण कोठेच नाही. बुऱ्हाणपूर आणि रावेर यांच्यामधील लोहमार्गावर एखादे प्रेत सापडले, तर हद्द कोणत्या राज्याची येथपासूनच प्रकरणाला सुरुवात होईल. फिर्याद एका राज्यात आणि मुद्देमाल दुसऱ्यात राहील. यंत्रमागाच्या कारखान्यातील उर्दूभाषक कारागीर, केळीच्या बागेचा मराठी मालक आणि हिंदीत कागद रंगवणारा ठाणेदार यांच्या जबान्या जुळवून पाहणारा शोधक लेखकाने निर्माण केला, तर त्याच्या तपासातून या साऱ्या सरहद्दीचे जीवन उजेडात येईल. अशा कथेसाठी लेखकाला पोलीस ठाण्याचे व न्यायालयाचे कामकाज समजून घ्यावे लागेल, संपादकाला कलाटणीऐवजी पुराव्याची मागणी करावी लागेल, आणि निर्मात्याला प्रेक्षकाच्या बुद्धीवर विश्वास टाकावा लागेल. हे कष्ट घेण्याजोगे आहेत, कारण एका सामान्य माणसाच्या मृत्यूचाही कोणीतरी नेटाने, निर्भयपणे आणि पुराव्यानिशी हिशेब मागितला पाहिजे, ही ज्या समाजाच्या कथांमधील धारणा आहे, त्याच समाजात तसा हिशेब प्रत्यक्ष मागण्याचे धैर्य टिकून राहते.