अनुभवाच्या रकान्यात २१

आजचा पेपर २०१९ चा आहे, 'पर्सोनेल सायकॉलॉजी' या जर्नलमधला. चॅड व्हॅन इडेकिंग आणि सहकाऱ्यांनी ८१ अभ्यास एकत्र करून साधाच प्रश्न विचारला: आधीच्या नोकऱ्यांमधला अनुभव आणि नव्या नोकरीतलं काम यांचा संबंध किती? उत्तर आलं ०.०६. या मापात ० म्हणजे काहीच संबंध नाही आणि १ म्हणजे तंतोतंत. ०.०६ चा वर्ग करून बघा. माणसामाणसाच्या कामात जो फरक दिसतो, त्यातला अर्धा टक्कासुद्धा अनुभवाच्या खात्यात पडत नाही. माणूस नोकरी सोडून जाईल की टिकेल, त्याच्याशी तर संबंध शून्य.

हा आकडा सांगून "अनुभवाला काही अर्थ नाही" म्हणणारे मला बरेच भेटतात. माझा आक्षेप त्या वाक्याला आहे, पेपरला कमी.

पहिली गोष्ट, अशा अभ्यासांत बहुतेक वेळा मोजलेलं काय असतं? वर्षं. फार तर आधीच्या नोकऱ्यांची संख्या. म्हणजे स्वयंपाक येतो का हे ठरवायला घरात किती वर्षं गॅस कनेक्शन आहे ते विचारायचं. दुसरी गोष्ट जरा तांत्रिक आहे. कामाचं मोजमाप फक्त निवडल्या गेलेल्यांचं होतं. कमी अनुभव असूनही ज्याला घेतलं, त्याच्यात दुसरं काहीतरी चांगलं दिसलं असणार, म्हणून तर घेतला. अशा गाळलेल्या गटात अनुभवाचा संबंध मुळात असेल त्यापेक्षा कमी दिसू शकतो. किती कमी, यावर या क्षेत्रात जोरदार भांडणं आहेत, त्यात आज शिरत नाही.

मग अनुभवाचं नेमकं होतं काय? इथे मला दोन जुने पेपर जास्त उपयोगी वाटतात. २००६ मध्ये हकमन आणि पिसानो यांनी पेनसिल्व्हेनियातले हृदयाचे सर्जन पाहिले. एकच सर्जन अनेक हॉस्पिटलांत ऑपरेशन करतो. एका हॉस्पिटलात त्याची ऑपरेशनं वाढली की तिथले मृत्यू कमी होतात, पण त्याचा फायदा दुसऱ्या हॉस्पिटलात दिसत नाही! हात तोच, भोवतीची टीम वेगळी. २००९ मध्ये डोको, विल्क आणि रोथबार्ड यांनी अमेरिकेतल्या एका विमा कंपनीची कॉल सेंटर्स तपासली. जुन्या अनुभवामुळे कौशल्य येतं आणि काम सुधारतं, पण त्याबरोबर जुन्या सवयीही येतात, त्या काम बिघडवतात. बेरीज-वजाबाकी होऊन हाती थोडंच उरतं. माझ्या मते ०.०६ च्या मागे हेही असणार.

आता माझी कबुली. पीएचडीला येण्याआधी मी चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात एचआरमध्ये होते. टूलरूमसाठी इंटरव्ह्यू होते. एक गृहस्थ आले, वय ४६, डाय दुरुस्तीची २१ वर्षं, जुना प्लांट बंद पडलेला. आम्ही विचारलं, "तुमच्याबद्दल सांगा", "एवढ्या अनुभवावर इथं का येताय?", "पाच वर्षांनी कुठे असाल?" बिचारे तिसऱ्या प्रश्नाला नुसते हसले. दहा-बारा मिनिटांत आटोपलं. ते बाहेर गेल्यावर साहेब म्हणाले, "आता या वयात काय बदलणार?" बाकीच्यांनी माना हलवल्या, मीही. फॉर्मवर अनुभवाच्या रकान्यात मी २१ लिहिलं होतं. डायबद्दल एकही प्रश्न झाला नाही.

साहेबांची शंका अगदीच चुकीची नव्हती, डोको वगैरेंच्या पेपरात तीच आहे. पण ती त्यांना विचारता आली असती: "तिथली कोणती पद्धत इथं चालणार नाही असं वाटतं? आधी कधी पद्धत बदलावी लागली होती का, काय जड गेलं?" सर्जनच्या पेपरातून दुसरा प्रश्न निघतो: "हे काम करताना तुमच्याबरोबर कोण होतं, मशीन कुठलं होतं, आणि ते नसताना काय केलंत?" आणि मुख्य प्रश्न कामाचा. "पार्टला बर यायला लागला, गाडी संध्याकाळी निघायची आहे. असं शेवटचं कधी झालं? आधी काय तपासलंत?" ज्याने खरंच केलंय तो पंचची धार, क्लिअरन्स, डायची सेटिंग असं एकेक सांगत जातो. ज्याने शेजारी उभं राहून पाहिलंय तो "आम्ही टीमने सोडवलं" इथेच थांबतो.

सगळ्यांना तेच प्रश्न, चांगलं उत्तर कशाला म्हणायचं ते आधीच ठरवलेलं, आणि चर्चेपूर्वी प्रत्येकाने आपापले गुण लिहायचे. सॅकेट आणि सहकाऱ्यांच्या २०२२ च्या फेरतपासणीत अशा आखीव इंटरव्ह्यूला ०.४२ मिळाले, गप्पांसारख्या इंटरव्ह्यूला ०.१९. वर्षं मोजण्यापेक्षा गप्पाही बऱ्याच म्हणायच्या.

एक अडचण मात्र मला अजून सुटलेली नाही. अनुभवी माणसाला खोलात विचारलं की तो जुन्या कंपनीच्या गोष्टी सांगायला लागतो, आणि प्रामाणिक माणूस नेमका तिथेच गप्प होतो. त्याचे गुण कापले जातात. सध्या मी सुरुवातीलाच "कंपनीचं, ग्राहकाचं नाव नको, ड्रॉइंगमधली मापं नकोत" असं सांगून टाकावं, असं सुचवते. त्याने किती फरक पडतो, हे माझ्या पुढच्या फील्डवर्कमध्ये बघायचं आहे.