शालेय फ्रेंच आणि साहित्याचे आकलन : ‘लेत्राँजे’च्या संदर्भात

शाळेत व कनिष्ठ महाविद्यालयात फ्रेंच शिकून पदवी वर्गात आलेल्या विद्यार्थ्याला आल्बेर काम्यू यांची ‘लेत्राँजे’ (१९४२) ही कादंबरी सोपी वाटते. वाक्ये छोटी, शब्द परिचित आणि निवेदनाचा प्रधान काळ ‘पासे काँपोझे’, म्हणजे शाळेतच घोटवून घेतलेला, बोलण्यातील भूतकाळ. परंतु ही सुलभता फसवी आहे.

फ्रेंच कादंबरीच्या निवेदनाचा रूढ काळ ‘पासे सँप्ल’ होय. बोलण्यात तो जवळजवळ आढळत नाही. म्हणूनच संभाषणप्रधान शालेय अध्यापनात तो गौण ठरतो. ज्याने तो वाचलेलाच नाही, त्याला काम्यू यांनी काय टाळले हे उमगत नाही. झाँ-पॉल सार्त्र यांनी १९४३ मधील आपल्या समीक्षालेखात नेमके यावरच बोट ठेवले होते. या काळामुळे प्रत्येक वाक्य सुटे पडते आणि घटनांमधील कार्यकारणभाव लोपतो. नायक मर्सो याची अलिप्तता अशी व्याकरणातच रुजलेली आहे.

मराठी विद्यार्थ्याला असा भेद परका नाही. ‘तो रोज यायचा’ हे बोलण्यातले, तर ‘तो रोज येई’ हे आज मुख्यतः लेखनातले, हे तो जाणतो. हा दुवा अध्यापनात जोडला पाहिजे.

म्हणून पदवी अभ्यासक्रमात आधी मोपासाँची एखादी कथा व नंतर काम्यू, असा क्रम असावा. केवळ रूपे पाठ करून घेणे म्हणजे शाळाच लांबविणे. अमुक रूप येथे का, हा प्रश्न विचारण्यापासून विद्यापीठीय अध्ययन सुरू होते.