कानस मारणारा हात मराठीत कुठे आहे?

घनसावंगीत बोलायचं म्हटल्यावर समर्थांचं नाव घ्यावंच लागतं. जांब आपल्याच तालुक्यातलं. पण मी आज मनाच्या श्लोकांकडे जाणार नाही. दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास आहे, लेखनक्रियेचा. अक्षर कसं काढावं, ओळ सरळ कशी ठेवावी, कडेला जागा सोडावी, बोरू, शाई, कागद कसे जमवावेत, असं सगळं त्यात आहे. आणि एक अट आहे: ग्रंथाचं पहिलं अक्षर आणि शेवटचं अक्षर एकाच टाकानं काढल्यासारखं दिसलं पाहिजे. आयटीआयमध्ये मशिनिस्टचा ट्रेड शिकणाऱ्या पोराला हे सांगून बघा. तो म्हणेल, सर, हे तर टॉलरन्स झालं! पहिला जॉब आणि पाचशेवा जॉब एकाच मापात.

म्हणजे हाताला कसब कसं येतं हे सांगणारी मराठी सतराव्या शतकात होती. मग आत्ता ती कुठे गेली, एवढाच माझा प्रश्न आहे.

आधुनिक मराठी साहित्यात कामगार आला, आणि दणक्यात आला. नारायण सुर्व्यांचं 'माझे विद्यापीठ' १९६६ चं. पण त्या विद्यापीठात शिकवतात ती माणसं, शिकवतो तो रस्ता. मशीन शिकवत नाही. जयंत पवारांचं 'अधांतर' घ्या. गिरणगावातल्या घराची ती गोष्ट, आणि नाटक त्या खोलीतच घडतं. गिरणी बाहेर. नाटककाराची निवड बरोबरच होती, कारण गिरणी गेल्यावर उरतं ते घर. तक्रार एका कृतीबद्दल नाहीच. सगळं मिळून पाहिलं की दिसतं, आपला कामगार एक तर लढतो नाहीतर उद्ध्वस्त होतो. तो शिकताना दिसत नाही.

आता शिकणं म्हणजे काय ते बघा. पोरगं आयटीआयमध्ये जातं, मनात मोठमोठी मशिनं असतात. हातात येते कानस. व्हाइसमध्ये लोखंडाचा ठोकळा धरायचा आणि घासायचं. दिवसच्या दिवस. तळव्याला फोड येतात. मग ठोकळ्यावर गुण्या लावायचा आणि उजेडाकडे धरायचा. फटीतून उजेड दिसला की परत घासा. गंमत म्हणजे कानस जोरानं मारली तर पृष्ठभाग सपाट होत नाही, मधे फुगीर राहतो, कारण पुढेमागे जाताना हात डुलतो. जोर कमी करून हात सरळ न्यायचा, हे अंगाला कळायला वेळ लागतो. सांगून कळत नाही. शेतावर वाढलेल्या पोराला जोर लावायची सवय असते. इथे तीच आड येते.

त्यानंतर लेथ, मिलिंग. घरी सुतारकाम पाहिलेलं असेल तर त्याला 'सूत' माहीत असतं, म्हणजे इंचाचा आठवा भाग. इथे व्हर्नियरवर ०.०२ मिलिमीटर वाचायचं, केसाच्या जाडीपेक्षाही कमी. माप बदलतं तशी नजर बदलते. आणि कटचा आवाज! टूलची धार गेली की आधी कानाला कळतं. हे ऐकणं मराठी कथेत मला सापडलं नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या समीक्षेच्या नजरेतून सुटली आहे. लोहारकी लोहाराची, सुतारकी सुताराची, अशी गावातली बहुतेक कारागिरी जातीनं वाटलेली. मशिनिस्ट हा ट्रेड बलुत्यात नाही. कोणत्याही घरातलं पोरगं ते कसब अंगात घेऊ शकतं, बापाकडून नाही तर इन्स्ट्रक्टरकडून. केवढी मोठी घटना आहे ही! पण लगेच टाळ्या नकोत. बाबूराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा त्याच नावाच्या १९६३ च्या संग्रहात आहे. तिच्या नायकाला रेल्वेत नोकरी मिळते, राहायला जागा मात्र जात लपवूनच. आपली पोरं वाळूजला, चिकलठाण्याला, शेंद्र्याला अप्रेंटिसशिपला जातात. मशीन जात विचारत नाही. खोलीवाला विचारतो का, ते त्यांनाच विचारा. कसब आणि खोली, दोन्ही एकाच कथेत आणणारा लेखक मला हवा आहे.

कसबाबद्दल लिहिणं म्हणजे शोषणावर पांघरूण घालणं, असा आक्षेप येईल. प्रीमो लेव्हीवर तो आला होता. १९७८ साली या इटालियन लेखकानं एक पुस्तक लिहिलं. त्यात एक फिटर जगभर क्रेन उभ्या करतो आणि फसलेली कामंही चवीनं सांगतो. डाव्या वाचकांना राग आला: याला मालक दिसत नाही का? आक्षेप मी खिशात ठेवतो, कारण तो खरा आहे. आपला १९६१ चा अप्रेंटिस कायदा वाचा. त्याचं अठरावं कलम म्हणतं की अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही; कामगार कायदे त्याला लागू नाहीत. २०१९ च्या नियमांत आयटीआय झालेल्याला महिना किमान ७,००० रुपये विद्यावेतन ठरलं. पगार नाही हं, विद्यावेतन! त्यातून खोलीभाडं आणि डबा. नुसता मजकूर म्हणून वाचलं तरी हे कलम भयंकर आहे: हात कामगाराचे, नाव विद्यार्थ्याचं. आणि साहित्यानंही नेमकं हेच केलं. कामगार नाही म्हणून कामगार-साहित्यात नाही, कॉलेजात नाही म्हणून कॉलेजच्या कादंबरीतही नाही.

पण आक्षेप खरा मानूनही मी म्हणेन, शोषण कशाचं होतंय हे कळायला आधी कसब दिसलं पाहिजे. ज्याला काहीच येत नाही असं आपण लिहितो, त्याच्याकडून काय हिरावलं हे वाचकाला कसं कळणार?

आयटीआयच्या पोरांकडे प्रॅक्टिकलची डायरी असते. जॉबचं ड्रॉइंग, मापं, वापरलेली हत्यारं, खाली सही. घरी कुणाकडे असेल तर उघडून बघा. अक्षर बहुधा नीट, मार्जिन सोडलेली. समर्थांना आवडली असती. फक्त मापाबाहेर गेलेला, भंगारात टाकलेला जॉब त्यात सहसा नसतो. तो कुणाला तरी तोंडी सांगितलेला असतो, जेवणाच्या सुट्टीत.