रडारने मोजलेला संक्षोभ आणि ऋतूंचा आलेख

तिरुपतीजवळील गादंकी येथे ५३ मेगाहर्ट्झ कंप्रतेवर चालणारे, १०२४ यागी आकाशकांचे रडार गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून वातावरणाचा वेध घेत आले आहे. त्याच्या निरीक्षणांवरून संक्षोभाचे ऋतुमान ठरविणारे जे लेखन झाले, त्याचे मोल कमी लेखण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतू नाही. तथापि नैर्ऋत्य मोसमी काळात उंचावरील संक्षोभ बळावतो, हा निष्कर्ष जितक्या निःशंकपणे मांडला जातो तितका तो निःशंक आहे काय, हे तपासून पाहणे अवश्य आहे.

रडारला संक्षोभ दिसत नाही. त्याला दिसते ती हवेच्या प्रणमनांकातील, तरंगलांबीच्या निम्म्याइतक्या, म्हणजे सुमारे २.८ मीटर मापाची विषमता. तपांबराच्या खालच्या भागात ही विषमता मुख्यतः बाष्पामुळे उत्पन्न होते. तेव्हा पावसाळ्यात प्रतिध्वनी प्रबळ झाला, एवढ्यावरून संक्षोभ वाढला असे म्हणता येत नाही. यास्तव बहुतेक अभ्यासक डॉप्लर वर्णपटाच्या रुंदीचा आश्रय घेतात, आणि ते योग्यच होय.

परंतु खरी अडचण येथेच आहे. शलाका सुमारे ३ अंश रुंद असल्याने तिच्या एका कडेस वारा रडारकडे येतो, तर दुसऱ्या कडेस दूर जातो; हवा अगदी शांतपणे वाहत असली तरी वर्णपट रुंदावतोच. जून ते सप्टेंबर या काळात १४ ते १६ किलोमीटर उंचीवर पूर्वेय जेट प्रवाह असतो. ३० मीटर प्रतिसेकंद वाऱ्यास ही कृत्रिम रुंदी सेकंदास सुमारे अर्धा मीटर भरते. खऱ्या संक्षोभाची रुंदी पुष्कळदा याहून कमीच असते. मोठ्या संख्येतून मोठी संख्या वजा करून लहान संख्या मिळवावयाची, असा हा व्यवहार आहे. हॉकिंग (१९८५) व नास्ट्रॉम (१९९७) यांनी या दुरुस्तीकडे पूर्वीच लक्ष वेधले होते.

वजाबाकीचे उत्तर कधी कधी ऋण येते. अशी उत्तरे निरर्थक म्हणून गाळली, तर उरलेल्यांची सरासरी फुगते. आणि वारा जोराचा असलेल्या महिन्यांतच ती अधिक फुगते. म्हणजे आलेखावर ऋतू उमटतो खरा, पण तो हवेचा की हिशेबाचा?

निष्कर्ष खोटा आहे, असे मात्र नव्हे. जेट प्रवाहाच्या वर व खाली वाऱ्याचा वेग उंचीनुसार झपाट्याने बदलतो, तेथे संक्षोभ उद्भवणे स्वाभाविकच आहे. या गोष्टीतूनच कसोटीही मिळते. प्रवाहाच्या गाभ्यात वेग सर्वाधिक, पण उंचीनुसार होणारा बदल जवळजवळ शून्य असतो. लंबदिशेच्या शलाकेपुरते बोलावयाचे तर, मोजलेला संक्षोभ गाभ्यातच शिखर गाठीत असेल तर तो संशयास्पद. वरच्या-खालच्या कडांवर गाठीत असेल तर विश्वसनीय. अशा लेखनात प्रत्येक महिन्यातील ऋण उत्तरांची संख्या सरासरीच्या शेजारीच छापली जावी, ही आमची अपेक्षा आहे.