शिदोरीविना गेलेला राजा

'हॅम्लेट' नाटकाच्या पहिल्या अंकात खून झालेल्या राजाचे भूत मुलाला भेटून स्वतःच्या मरणाची हकिकत सांगते. आपण 'अनहाउझल्ड' मेलो, हे त्याचे एक गाऱ्हाणे. हा शब्द आज इंग्रजीत कोणी वापरत नाही. म्हणून 'मरणाची तयारी न करता' एवढाच अर्थ लावून वाचक पुढे जातो. आमच्या मते तेथेच राजाच्या दुःखाचा गाभा हरवतो.

'हाउझल' म्हणजे जुन्या इंग्रजीत पवित्र कम्युनियन. त्याचे गॉथिक भावंड चौथ्या शतकातील बायबलच्या भाषांतरात 'बलिदान' या अर्थाने येते. चौदाव्या शतकात चॉसरने हा शब्द आपल्या धर्मगुरूच्या तोंडी घातला. १४८५ साली छापलेल्या मॅलरीच्या आर्थरकथेत मरणोन्मुख सर लॅन्सेलॉटला कम्युनियन आणि तैलाभ्यंग मिळतो, तेव्हाही हाच शब्द येतो.

'हॅम्लेट' सुमारे १६०० साली लिहिले गेले, तेव्हा इंग्लंडात पवित्र मिस्सा कायद्याने बंद होती आणि शुद्धीस्थानाची शिकवण तेथील चर्चने नाकारली होती. तरीही रंगभूमीवरचा राजा आपल्या पापांची अग्नीत शुद्धी होत असल्याचे सांगतो. शेक्सपिअर मनाने कॅथलिक होता काय, या वादात आम्ही शिरत नाही. नाटकाला त्या शब्दाची गरज होती, हे मात्र दाखवता येते.

तिसऱ्या अंकात खुनी काका क्लॉडियस गुडघे टेकून प्रार्थना करीत असतो. हॅम्लेट तलवार उपसतो आणि पुन्हा म्यान करतो. बाप संस्कारांविना गेला. मग त्याच्या मारेकऱ्याला प्रार्थनेतून थेट स्वर्गात का धाडावे? पहिल्या अंकातला शब्द ज्याला उमगला नाही, त्याला ही केवळ चालढकल वाटेल. खरे तर संस्कारांचे मोल जाणणारा मुलगा तेच मोल सुडाच्या तराजूत घालतो. शत्रूचा देह मारून त्याचे समाधान होत नाही. त्याला त्याचा आत्माही गमावलेला हवा आहे. या नाटकातील सर्वांत भयंकर क्षण आम्हांला हाच वाटतो.

मरणाऱ्याला दिल्या जाणाऱ्या कम्युनियनचे लॅटिन नाव 'व्हियाटिकम', म्हणजे वाटेची शिदोरी. आजाऱ्याच्या उशाशी फादरांना बोलावणाऱ्या आमच्या घरांना ती ठाऊक आहे. मराठी भाषांतरकाराने 'अनहाउझल्ड'साठी तीच शिदोरी योजावी, असे आम्ही सुचवतो.